ओंजळीतला रणगाडा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून आपण ज्ञानेश्वरीवर ऐकता, इतिहासावर ऐकता, देशाच्या अर्थकारणावर ऐकता. त्या मालिकेत आजचा विषय थोडा पोरकट वाटण्याचा संभव आहे. प्लॅस्टिकचे शेदोनशे तुकडे जोडून आणि रंगवून रणगाड्याची छोटी प्रतिकृती तयार करणे, हा काही पोक्त माणसांचा उद्योग नव्हे, असे पुष्कळांचे मत असते. आमचे मत निराळे आहे. ते का निराळे आहे, एवढेच सांगण्यासाठी आम्ही येथे उभे आहोत.

पहिली गोष्ट अशी की, हा उद्योग आपल्याला परका नाही. दिवाळी आली की महाराष्ट्रातल्या घराघरांपुढे किल्ला उभा राहतो. विटा, दगड, पोती, त्यांवर चिखलाचा गिलावा, आळिवाची हिरवळ, बुरुजावर तोफ आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हात माखून घेतलेले आहेत. म्हणजे युद्धाची छोटी प्रतिकृती करण्याचे पहिले शिक्षण मराठी मुलाला अंगणातच मिळते, आणि त्यासाठी त्याला जपान-इंग्लंडकडे पाहावे लागत नाही.

मात्र या किल्ल्याचे एक वैशिष्ट्य आपण पाहिलेच असेल. त्यातला मावळा तटापेक्षा उंच असतो, आणि महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्यापेक्षा मोठे असतात. दरवाजातून आत जायचे म्हटले तर पहारेकऱ्याला रांगत जावे लागेल! यात चूक काही नाही. मुलाच्या मनात जो मोठा, तो किल्ल्यावरही मोठा. आपल्या जुन्या शिल्पकारांनीही राजा मोठा आणि चवरी ढाळणारी दासी लहान, असेच कोरले. हे भक्तीचे प्रमाण झाले. आज आम्ही ज्या कलेबद्दल बोलणार आहोत, तिचे प्रमाण फूटपट्टीचे आहे. तेथे सेनापती असो की शिपाई, सर्वांना एकाच संख्येने भागायचे असते. भक्तीच्या प्रमाणाकडून फूटपट्टीच्या प्रमाणाकडे जाणे, हीच या छंदाची पहिली पायरी होय.

ती संख्या बहुधा ३५ असते. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत एकास पस्तीस हे प्रमाण आज जगभर रूढ आहे, आणि ते रूढ कसे झाले ही हकीकत गमतीची आहे. जपानातील शिझुओका गावची तामिया ही मूळची लाकडाचा व्यापार करणारी कंपनी. तिने १९६०-६२ च्या सुमारास जर्मन पँथर रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला. तो मोटारीवर चालावा म्हणून पोटात विजेच्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या. बॅटऱ्या मावतील एवढे पोट केले, आणि मागाहून मोजले तर मूळ रणगाड्याचा तो पस्तिसावा हिस्सा भरला. पुढे त्याच मापाचे दुसरे, तिसरे संच निघत गेले आणि प्रमाण पक्के झाले. शास्त्राच्या पोटात कधी कधी केवळ सोय दडलेली असते, ती अशी.

आता हे पस्तीस आपण प्रत्यक्ष लावून पाहू. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सेनेने वापरलेला ब्रिटिश बनावटीचा सेंचुरियन रणगाडा घ्या. तोफेची नळी सोडली तर त्याची लांबी सुमारे साडेसात मीटर. पस्तिसाने भागा : साडेएकवीस सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत तो आडवा सामावतो. साडेपाच-सहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतो. बुरुजाच्या दर्शनी भागाचे पोलाद १५२ मिलिमीटर जाड. प्रतिकृतीत ते सव्वाचार मिलिमीटर. आणि वजन? येथे शाळेतले गणित कामाला येते. लांबी पस्तिसाने कमी होते, पण वजन पस्तिसाच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ ने कमी होते. पन्नास टनांचा सेंचुरियन अशा भागाकाराने सव्वा किलोच्याही आत येतो. जे यंत्र शेतात उतरले की बांध सपाट करते, ते भाजीच्या पिशवीत बसेल एवढे होते.

अंतरालाही हाच भागाकार लावा. एक हजार मीटरवरून दोन रणगाडे एकमेकांवर तोफ डागतात, असे आपण वाचतो आणि पान उलटतो. प्रतिकृतीच्या जगात ते अंतर साडेअठ्ठावीस मीटर होते. या व्यासपीठापासून मागच्या काही रांगांपर्यंतचे. एक रणगाडा या टेबलावर आणि दुसरा तेथे मागे बसलेल्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवला, तर या टेबलावरून तो दिसेल का? अगदी ठिपक्याएवढा. धुरळ्यात आणि उसाच्या शेतात तर तोही नाही. तरी गोळा एका सेकंदाच्या आत तेथे पोचतो. युद्धाचे वर्णन दहा पुस्तकांत वाचून जे कळत नाही, ते या एका भागाकाराने कळते.

रणगाडा हा शब्दही क्षणभर पारखून घेऊ. इंग्रजीत याला टँक, म्हणजे टाकी म्हणतात. पहिल्या महायुद्धात हे यंत्र गुप्तपणे तयार होत होते, तेव्हा या पाण्याच्या टाक्या आहेत असे सोंग करण्यात आले, आणि सोंगाचे नाव कायमचे चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत या टाक्या प्रथम रणात उतरल्या. मराठीने मात्र सोंग बाजूला सारून वस्तू ओळखली. रणात चालणारा गाडा, तो रणगाडा. आणि हा गाडा आला कोठून? शेतातून. अमेरिकेत बेंजामिन होल्ट याने चिखलात रुतू नये म्हणून चाकांऐवजी पट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर केला होता. तो पट्टा पाहून सैनिकी अधिकाऱ्यांना चिलखती गाडीची कल्पना सुचली. योगायोग असा की, एअरफिक्स या इंग्रज कंपनीने १९४९ साली जो पहिला जुळणीचा संच काढला, तोही ट्रॅक्टरचाच होता. शेतकऱ्याच्या गाड्याला तोफ बसवण्याची बुद्धी माणसाला झाली, आणि मुलांच्या खेळानेही तोच क्रम गिरवला.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. खोका उघडला की प्लॅस्टिकच्या चौकटी दिसतात, आणि त्यांना सर्व भाग बारीक देठांनी लागलेले असतात. नाशिककरांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. द्राक्षाचा घड आपण ओढून तोडत नाही, कात्रीने देठाशी कापतो. येथेही तसेच. ओढले तर भागाचा लचका निघतो. कापल्यावर उरलेला देठाचा ठिपका धारदार पात्याने तासायचा आणि बारीक पॉलिश कागदाने घासून नाहीसा करायचा. ही घाई करणाराचे काम नव्हे. सेंचुरियनला एका बाजूस सहा जोडचाके, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चोवीस चकत्या. चोवीसही सारख्याच घासायच्या. बाविसाव्या चकतीला जो पहिलीइतकाच न्याय देतो, त्याच्या हातात कला आली असे समजावे.

यासाठी जो चिकटद्रव वापरतात, तो डिंक नव्हे. आपल्या तांबट आळीतला कारागीर डाख देतो, तेव्हा दोन पत्र्यांमध्ये तिसरा धातू येऊन त्यांना धरून ठेवतो. येथे तिसरे कोणी नसते. द्रव प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. म्हणून आधी कोरडे जुळवून पाहायचे, मगच द्रवाचा थेंब लावायचा. एकजीव झालेले पुन्हा वेगळे होत नाही. खोली मात्र उघडी, हवेशीर हवी, कारण या द्रवाची वाफ डोक्यात चढते. लहान मुले असतील तर पाते आणि ही बाटली वडील माणसांनी आपल्या ताब्यात ठेवावी.

बांधणीचाही क्रम असतो. आधी खालचा सांगाडा, मग चाके, मग पट्टे, मग वरची पाठ आणि शेवटी फिरता बुरुज. या क्रमाने जाताना यंत्राची रचना आपोआप उलगडते. इंजीन मागे का, माणसे पुढे आणि मध्ये का, हे बोटांना कळते. सेंचुरियनमध्ये चार माणसे : चालक, तोफ रोखणारा, गोळा भरणारा आणि नायक. तिघे बुरुजात खेटून, एकटा चालक पुढे. इंग्रजांनी आत पाणी उकळण्याचे भांडेही बसवले होते, म्हणजे लढाईच्या मधल्या वेळी चहा व्हावा! चहाचे भांडे आणि तोफेचे गोळे अगदी हाताच्या अंतरावर. अशा जागेत माणसाने दिवसचे दिवस कसे काढले असतील, हा प्रश्न बुरुजाचे झाकण बसवताना मनात आल्याखेरीज राहत नाही.

जुळणीनंतर रंग. येथे बहुतेकांची समजूत असते की, डबा उघडायचा आणि हिरवा फासायचा. पण पुन्हा आपले पस्तीस आठवा. रंगाचा थर प्रतिकृतीवर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन मिलिमीटरचा लेप होईल! खिळे, सांधे, पत्र्यांच्या कडा त्याखाली बुजून जातील. म्हणून रंग दुधासारखा पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. शिवाय खऱ्या रणगाड्याचा ऑलिव्ह हिरवा रंग जसाच्या तसा लावला, तर छोटी वस्तू काळपट दिसते. दूरची टेकडी जवळच्या टेकडीपेक्षा फिकी दिसते ना? प्रतिकृती म्हणजे दुरून पाहिलेली वस्तूच. म्हणून मूळ रंगात थोडा फिका रंग मिसळावा लागतो. रंग खरा दिसावा म्हणून तो थोडा बदलावा लागतो, ही गोष्ट चित्रकारांना आणि नटांना ठाऊकच आहे.

आपल्या हवेचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. परदेशी पुस्तकांत ते नसतात. चैत्र-वैशाखात पाण्यात मिसळणारे रंग कुंचल्याच्या टोकावरच वाळतात. तेव्हा सकाळी लवकर बसावे. आणि आषाढ-श्रावणात, हवेत ओल असताना, स्पिरिटी जातीचे रंग फवारले तर त्यांवर पांढुरकी झाक धरते. अशा दिवशी रंग बंद ठेवून जुळणी करावी. वर्षाचा हिशेब मांडला तर पावसाळा पाते-कागदाचा आणि दिवाळीनंतरचा काळ रंगाचा, असा ठरतो.

पाया झाला की त्यावर काळपट-तपकिरी अगदी पातळ रंग सोडतात. तो सांध्यांत आणि खाचांत जाऊन बसतो व खोली दिसू लागते. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे फिके करतात. आणि शेवटी झीज. ही झीज कोठे दाखवायची, यातच कारागिराची परीक्षा. नवखा माणूस सर्वत्र ओरखडे काढतो आणि पट्ट्यांना गंज फासतो. वास्तविक चालत्या रणगाड्याचा पट्टा जमिनीशी घासून लखलखीत झालेला असतो. गंज चढतो तो उभ्या राहिलेल्या यंत्राला. रंग उडतो तो माणसाचा हात आणि बूट जेथे रोज लागतो तेथे : झाकणाच्या कडेला, चढायच्या पायरीपाशी, हत्यारपेटीच्या कडीजवळ. म्हणजे पाहा, पोलादी यंत्रावर शेवटचा हात फिरवताना आपल्याला शोधावी लागते ती माणसाची खूण. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी आणि सर्वांत तरबेज हात करतो, कारण तेथे मूर्तीत जीव येतो. रणगाड्यात जीव येतो तो या झिजलेल्या जागांनी.

मग उरतो चिखल. गोदेची वाळू आणून चाकांवर टाकावी, असे वाटेल. तसे करू नये. अर्ध्या मिलिमीटरचा कण पस्तीसपट केला तर तो पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. वस्त्रगाळ मातीच हवी. आणि ती कोणती? आपली काळी माती लावली तर तो रणगाडा कधीच न झालेली लढाई लढून आलेला दिसेल. ज्या भूमीवर तो लढला तिचा रंग हवा, पंजाबच्या सपाट प्रदेशाचा, फिका, धुळकट.

मातीचा एवढा आग्रह का, याचे उत्तर आसल उत्तर हे गाव देते. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत तेथे शत्रूचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे चाल करून आले. तंत्राच्या दृष्टीने ते आपल्या सेंचुरियनहून नवे. आपल्या चौथ्या डोंगरी डिव्हिजनने घोड्याच्या नालासारखी फळी धरली आणि पुढच्या शेतांत पाणी सोडले. पॅटन चिखलात मंदावले, रुतले, आणि उसाच्या आडून त्यांच्यावर मारा झाला. चौथ्या ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे फोडले आणि ते तेथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. आपल्या नोंदीप्रमाणे या लढाईत शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती आले. पकडलेले पॅटन भिखीविंडजवळ ओळीने उभे केले, तेव्हा लोकांनी त्या जागेला पॅटननगर हे नाव दिले. पॅटनची प्रतिकृती करून जो त्याला स्वच्छ, कोराकरकरीत ठेवतो, त्याने त्या रणगाड्याची सर्वांत महत्त्वाची हकीकत गाळली असे आम्ही म्हणू.

महाराष्ट्राशी ज्या दलाचे नावच जोडलेले आहे, त्या पूना हॉर्सची हकीकतही येथे सांगितली पाहिजे. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर फिलोरा आणि बुतुर डोगरांडी येथे या दलाचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशिर बुर्झोर्जी तारापोर करीत होते. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचे. जखमी झाले असता त्यांनी मागे जाण्याचे नाकारले. त्यांच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात शत्रूचे सुमारे साठ रणगाडे फोडल्याची आणि आपले नऊ गमावल्याची नोंद आहे. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, याच दलाचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंचुरियनवर होता. जन्म पुण्याचा, वय एकवीस, अधिकारपद मिळून सहा महिने. रणगाडा पेटला, सोडून बाहेर पडण्याची आज्ञा झाली. तोफ अजून चालते आहे, असे बिनतारीवर कळवून तो लढत राहिला आणि पडला. तो रणगाडा अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, चिलखती दलाच्या केंद्रात जतन करून ठेवला आहे.

आता एक आक्षेप. तो खरा आहे, म्हणून त्याला बगल देऊन चालणार नाही. रणगाडा हे माणूस मारण्याचे यंत्र. ते टेबलावर शोभेला ठेवणे म्हणजे युद्धाचे कौतुक नव्हे काय? गोदेच्या काठी बसून आम्ही मुलांच्या हाती हे द्यावे काय?

या आक्षेपाचा एक भाग आम्ही पूर्णपणे मान्य करतो. या छंदाच्या बाजारात जर्मन रणगाड्यांचे फार स्तोम आहे. टायगर रणगाडा दिसायला रुबाबदार, खोक्यावरचे चित्र त्याहून रुबाबदार. वस्तुस्थिती अशी की, पहिल्या जातीचे टायगर सुमारे साडेतेराशेच झाले, आणि एकट्या शर्मन जातीचे अमेरिकन रणगाडे पन्नास हजारांच्या घरात. पण दुकानाच्या फळीकडे पाहून मुलाला वाटावे की, ते महायुद्ध टायगरांनीच लढले. तो रुबाब कोणत्या राजवटीच्या चाकरीत होता, तिने लक्षावधी निरपराध माणसांचे काय केले, हे खोक्यावर छापलेले नसते. रंगाच्या मोहात हे विसरणे सोपे आहे. म्हणून आम्ही म्हणतो, टायगर करायचा असेल तर खुशाल करावा, पण त्याबरोबर त्याचा इतिहासही वाचावा. आणि जो वाचायला तयार नाही, त्याच्या हाती तो संच देऊ नये.

पण आक्षेपाचा दुसरा भाग आम्हांला पटत नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली शिशाच्या शिपायांच्या खेळावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. तो शांततेचा कैवारी होता. खेळातली लढाई खेळून पाहा, म्हणजे खरी लढाई किती अवजड आणि मूर्खपणाची आहे ते कळेल, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हे खरे. खेळण्यांनी युद्ध थांबत नाही. तसेच ते खेळण्यांनी पेटतही नाही. ते पेटते ज्यांना युद्ध म्हणजे केवळ घोषणा वाटते त्यांच्यामुळे. ज्याने महिनाभर बसून चोवीस चकत्या घासल्या, सव्वाचार मिलिमीटरचा पत्रा बोटात धरला आणि त्याच्या आड चार माणसे बसवून पाहिली, त्याला घोषणा पुरत नाही. त्याला ठाऊक असते की, झाकण केवढे आहे आणि आग लागल्यावर त्यातून बाहेर पडायला किती क्षण लागतील. शूरांबद्दलचा त्याचा आदर वाढतो, आणि युद्धाबद्दलची हौस कमी होते. आमच्या मते नागरिकाच्या अंगी या दोन्ही गोष्टी हव्यात.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली अशी की, नवख्याने आरंभ आपल्या सेनेने वापरलेल्या रणगाड्यापासून करावा. आपल्या सेंचुरियनचा संच मिळतो, आणि त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या पॅटनचाही. संच परवडत नसेल तर पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि फूटपट्टी एवढ्यावरही काम होते. पस्तिसाने भागायला पैसे पडत नाहीत. दुसरी सूचना अशी की, अहिल्यानगरला १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय मुलांना घेऊन पाहावे. माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, आपला विजयंता, पकडून आणलेला पॅटन, सर्व तेथे उघड्यावर उभे आहेत. हे तेच नगर, जेथे १५४९ साली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली गेली. आज विजापूरला असलेल्या त्या तोफेचे वजन पंचावन्न टन सांगतात, म्हणजे सेंचुरियनहून थोडे अधिकच. तोफ बैलांनी ओढली, रणगाडा स्वतः चालतो. चार शतकांत फरक पडला तो एवढा. आणि आपण तर देवळालीच्या तोफखाना विद्यालयाचे शेजारी. तोफेचा आवाज आपल्या कानांना नवा नाही. तिच्याकडे डोळे उघडून पाहायला हरकत नसावी.

तिसरी सूचना दिवाळीची. यंदा किल्ला करताना एक बुरुज, एक दरवाजा आणि एक मावळा तरी एकाच प्रमाणात करून पाहा. मुलांना फूटपट्टी द्या, रायगडाच्या महादरवाजाची उंची त्यांनाच शोधून काढू द्या, आणि भागाकार त्यांनाच करू द्या. महाराज मोठेच राहू देत. ते स्थान आम्ही फूटपट्टीकडे सोपवणार नाही. पण दरवाजापाशी त्याच्या खऱ्या उंचीचा मावळा उभा राहिला, की मुलाला प्रथमच दिसेल की तो दरवाजा केवढा होता, आणि त्यापुढे उभा राहणारा माणूस केवढा होता.